बस घेण्याआधी 'स्टॉक कोणाचा' ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरी एमआयडीसीत प्रेस पार्ट्सचा कारखाना, चाकणच्या दोन वाहन कंपन्यांना रोजचा पुरवठा. स्टोअर्स आणि डिस्पॅच वीसेक वर्षांपासून फॉक्सप्रोवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमवर. हिशेब टॅलीत. परचेस तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या ईआरपीत (सगळ्या विभागांचे व्यवहार एकत्र ठेवायचं सॉफ्टवेअर), क्वालिटी एक्सेलमध्ये. ई-इन्व्हॉइससाठी, म्हणजे जीएसटीचं बिल सरकारकडे नोंदवायला, डिस्पॅचचा मुलगा टूलमधून जेसन फाइल (ठरलेल्या साच्यातला बिलाचा मजकूर) काढतो आणि सरकारी पोर्टलवर चढवतो. सल्लागाराने 'एसओए करा' (सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर, म्हणजे प्रत्येक सिस्टिमने बाकीच्यांना ठरलेल्या 'सेवा' द्यायच्या) म्हणून जाडजूड प्रस्ताव दिलाय: मधोमध ईएसबी नावाची बस, म्हणजे सगळ्यांचे निरोप इकडून तिकडे नेणारं सॉफ्टवेअर, सगळ्या सिस्टिम्स तिला जोडायच्या, दीड वर्षाचं काम. मालक विचारताहेत, हे घ्यावं का? आणि फॉक्सप्रो काढून टाकावं का?

माझं मत आधी सांगून टाकतो. बस आत्ता घेऊ नका. फॉक्सप्रो आत्ता काढू नका. आणि तरीही एसओए कराच, कारण तुमचं दुखणं त्याच जातीचं आहे. फक्त सल्लागार ज्या टोकाकडून सुरुवात करतोय त्याच्या विरुद्ध टोकाकडून करा. पंचवीसेक वर्षं मी हेच काम करतोय. पहिली काही वर्षं हिंजवडीत बसून परदेशी विमा कंपन्यांसाठी, नंतर पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या मध्यम कारखान्यांसाठी. दोन्हीकडे माती खाऊन झाली आहे.

पुस्तकी व्याख्या देत बसत नाही. पुणेरी पाटी डोळ्यांसमोर आणा. दुकान दुपारी १ ते ४ बंद, सुटे पैसे द्यावेत, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. लोक हसतात, पण ती पाटी म्हणजे फार चोख करार असतो. काय मिळेल, केव्हा मिळेल, गिऱ्हाइकाने काय आणायचं आणि कशाला नकार मिळेल, सगळं चार ओळींत. आत बरण्या कुठल्या फळीवर आहेत याचा त्यात उल्लेख नसतो, कारण गिऱ्हाइकाने आत यायचंच नाहीये. म्हणून मालक फळ्या कधीही बदलू शकतो. संगणकातली 'सेवा' म्हणजे असा काउंटर आणि त्यावरची पाटी.

तुमच्याकडे आज काउंटरच नाही. तुम्हीच लिहिलंय की क्वालिटीची एक्सेल शीट ओडीबीसीने (दुसऱ्या प्रोग्रॅमचा डेटा वाचायची सोय) फॉक्सप्रोच्या डीबीएफ, म्हणजे डेटाच्या, फाइली थेट वाचते, आणि ईआरपीवाल्याने रात्री चालणारी एक स्क्रिप्ट टाकून ठेवलीय. म्हणजे जो तो गोदामात शिरून आपल्या हाताने माल उचलतोय. स्टोअर्सवाल्याने आयटम कोडची लांबी दोन अक्षरांनी वाढवली, तर सकाळी क्वालिटीची शीट फुटते आणि का फुटली हे दुपारपर्यंत कळत नाही.

याचा फायदा मालकांना पटवायचा असेल तर १ जुलै २०१७ ची आठवण करून द्या. जीएसटी लागू झाला तेव्हा माझ्याकडे साधारण सारख्याच आकाराचे दोन कारखाने होते. पहिल्यात कर काढायचं काम एकाच प्रोग्रॅमकडे होतं. बिल असो, डेबिट नोट असो, परचेस रिटर्न असो, सगळे त्यालाच विचारायचे: हा माल, हा पत्ता, ही तारीख, कर किती? तिथे एक्साइज आणि व्हॅट जाऊन सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी आले, तो बदल एका जागी झाला. दुसऱ्या कारखान्यात करआकारणी बिलात वेगळी, चलनात वेगळी, भंगार विक्रीत वेगळी आणि एका मॅनेजरच्या एक्सेलमध्ये तर स्वतंत्रच. दिवाळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी कुठून तरी एक जुना दर डोकं वर काढत होता. पहिल्या कारखान्यात कुणी 'एसओए' हा शब्दही ऐकलेला नव्हता. तिथल्या जुन्या प्रोग्रॅमरला एकच गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा होता, एवढंच.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्या प्रस्तावातले निम्मे शब्द तिथून आलेत. 'सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर' हा शब्दप्रयोग गार्टनर या संशोधन कंपनीच्या विश्लेषकांनी १९९६ मध्ये चालू केला. मग २००० मध्ये सोप १.१ (सेवांनी निरोप पाठवायचा साचा), २००१ मध्ये डब्ल्यूएसडीएल (सेवेची पाटी लिहायचा साचा), आणि त्याच सुमारास यूडीडीआय म्हणजे जगभरच्या सेवांची टेलिफोन डिरेक्टरी. कल्पना अशी की कंपन्या तिथे एकमेकींच्या सेवा शोधतील आणि आपोआप व्यवहार करतील. तसं झालं नाही. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी आपल्या सार्वजनिक डिरेक्टऱ्या २००६ च्या सुरुवातीला बंद केल्या. जानेवारी २००९ मध्ये ॲन थॉमस मेन्स या विश्लेषक बाईंनी तर 'एसओए'चा मृत्युलेखच लिहिला. पण त्यातच त्यांनी म्हटलं होतं की शब्द मेला, सेवा जगणार. झालंही तसंच. आज 'एपीआय' (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला विचारायचा काउंटर) म्हणून जे चालतं आणि २०१४ पासून 'मायक्रोसर्व्हिसेस' (छोट्या छोट्या स्वतंत्र सेवा) म्हणून जे गाजतंय, त्याचं कूळ हेच.

शब्द का मेला, हे मी एका वितरण कंपनीत आतून पाहिलंय. २००७-०८ च्या सुमाराची गोष्ट. महागडी बस विकत घेतली आणि सेवा कुठल्या करायच्या यावर आम्ही सोपा मार्ग काढला: डेटाबेसमधल्या प्रत्येक टेबलाची एक सेवा. ग्राहक द्या, पत्ता द्या, दर द्या, सवलत द्या. एक ऑर्डर स्क्रीनवर यायला नेटवर्कवरून चाळीसेक हेलपाटे पडायचे. सेल्सवाले चहा पिऊन यायचे तोवर स्क्रीन भरत असायची. त्याहून वाईट म्हणजे निरोप इकडून तिकडे नेता नेता बसमध्येच नियम शिरू लागले. दिवाळीची सवलत घाईत बसमध्ये टाकली, ती मूळ सिस्टिममध्येही होती, गिऱ्हाइकाला दोनदा मिळाली. वर्षभरात अशी अवस्था आली की धंद्याचे निम्मे नियम बसमध्ये, आणि बस समजणारा माणूस एकच. तो परदेशी गेला. पुढे दोन वर्षं त्या बसला हात लावायला कुणी धजावलं नाही. जुन्या गुंत्याच्या जागी आम्ही एक नवा, महाग आणि मधोमध बसलेला गुंता तयार केला होता.

सल्लागार तुम्हाला एक स्लाइड दाखवेल, किंवा दाखवली असेलच: पाच सिस्टिम्स एकमेकींना थेट जोडल्या तर १० जोड, आठ असतील तर २८, आणि बस घेतली की फक्त आठ. गणित बरोबर आहे. पण कारखान्यात सगळं सगळ्यांशी बोलत नाही. क्वालिटीच्या एक्सेलला टॅलीशी काय बोलायचंय? तुमच्या पत्रावरून मी मोजले तर खरोखर लागणारे जोड सहा भरले. सहा जोडांसाठी बस लागत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर बाकी सगळं उभं आहे: सेवेची हद्द कुठे आखायची?

उद्या सकाळी चार जणांना वेगवेगळं गाठून विचारा, '२२१४ नंबरच्या ब्रॅकेटचा स्टॉक किती?' स्टोअर्सवाले इनवर्ड झालेलं आणि रॅकवर असलेलं सगळं सांगतील. क्वालिटीची मॅडम म्हणेल, त्यातला एक लॉट अजून होल्डवर आहे, तो धरू नका. डिस्पॅचवाला फक्त बिनमध्ये भरून लेबल लावलेले नग मोजेल, कारण त्याला चारची गाडी भरायची असते. अकाउंट्स म्हणतील, गाडी गेटबाहेर पडली पण बिल व्हायचंय, म्हणजे तो माल अजून आपलाच. आणि प्लेटिंगला गेलेले नग? ते तुमचे आहेत पण तुमच्या छपराखाली नाहीत. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल कायद्याने एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवल्या दिवशीच पुरवठा झाला असं धरून कर लागतो. त्यामुळे तो आकडा स्टोअर्सला नगांत हवा असतो आणि अकाउंट्सला दिवसांत.

या चौघांपैकी कुणीही चूक नाही. 'स्टॉक' या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी राहतात, जुन्या वाड्यात एका नळावर चार बिऱ्हाडं राहायची तशा. सल्लागाराच्या आकृतीत 'स्टॉक सर्व्हिस' नावाचा एक चौकोन असेल. तो चौकोन बांधला तर तो चौघांपैकी तिघांना खोटं उत्तर देईल, आणि ते तिघं महिन्याभरात पुन्हा आपापली एक्सेल उघडतील. मग सगळे म्हणतील, एसओए फसलं.

म्हणून सेवेचं नाव टेबलावरून ठेवू नका. काउंटरवर येऊन माणूस जो प्रश्न विचारतो त्यावरून ठेवा. 'आज पाठवता येतील असे किती नग?' ही एक सेवा, मालक डिस्पॅच. 'कुठल्या जॉबवर्करकडे किती, आणि किती दिवस झाले?' ही दुसरी, मालक स्टोअर्स. '३१ मार्चला साठ्याची किंमत किती?' ही अकाउंट्सची. आतून कदाचित तिन्ही त्याच डीबीएफ वाचतील, त्याची फिकीर नको. मालक म्हणजे कोण? आकडा चुकला तर ज्याला फोन जातो आणि 'सेवा कशी वागावी' यावर ज्याचा शब्द शेवटचा, तो. आयटीवाला मालक होऊ शकत नाही. तो काउंटर बांधून देतो, पाटीवर काय लिहायचं ते दुकानदार ठरवतो.

मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्ये म्हटलं होतं की संस्था जी सिस्टिम बांधते तिची घडण त्या संस्थेतल्या संवादाच्या घडणीसारखीच होते. तुमच्याकडे स्टोअर्स आणि क्वालिटी यांचं आपसात पटत नसेल (कुठे पटतं?), तर त्यांच्यामधली सेवाही तशीच तुसडी होईल. ते भांडण सॉफ्टवेअरने मिटत नाही, आधी टेबलावर बसून मिटवावं लागतं.

म्हणूनच स्टॉकपासून सुरुवात करू नका. तो सगळ्यात कठीण आहे, कारण त्याची मालकी वादात आहे. पहिली सेवा अशी निवडा जिथे मालक निर्विवाद आहे, दुखणं रोजचं आहे आणि पाटी आधीच कुणीतरी लिहून ठेवली आहे. तुमच्याकडे तशी एक आहे: ई-इन्व्हॉइस.

ती पाटी सरकारने लिहिलीय. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरू झालेलं हे बंधन ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आलं, त्यामुळे तुम्ही त्यात आहातच. बिलाचा मजकूर ठरलेल्या साच्यात पाठवायचा, पोर्टल तपासून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक), सही आणि क्यूआर कोड परत देतं. एपीआय थेट मिळत नसेल तर जीएसपीमार्फत (सरकारमान्य मध्यस्थ कंपनी) मिळतं. डिस्पॅचने बिल केलं की तुमची छोटी सेवा ते पोर्टलकडे पाठवेल आणि आयआरएन आणून देईल. बिलावर क्यूआर कोड यायचा म्हणून गेटवर गाडी थांबते, ते थांबेल. मालकांना हा फरक पहिल्याच आठवड्यात दिसतो, आणि पुढच्या कामाचे पैसे त्यातूनच मंजूर होतात.

या एका सेवेत एसओएचे जवळजवळ सगळे धडे शिकायला मिळतात, म्हणून जरा रेंगाळतो.

पहिला धडा, निरोप पोचला की नाही ते कळत नाही. तुम्ही बिल पाठवलं आणि उत्तर यायच्या आत नेट गेलं. पोर्टलवर नोंद झाली का? एकाच मशीनमधल्या प्रोग्रॅमला हा प्रश्न कधी पडत नाही, नेटवर्कवरच्या सेवेला रोज पडतो. आयआरएनची रचना इथे मदतीला येते. विक्रेत्याचा जीएसटीआयएन (जीएसटी क्रमांक), कागदाचा प्रकार, त्याचा क्रमांक आणि आर्थिक वर्ष एवढ्यावरून तो ६४ अक्षरी हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, निघतो. तेच बिल दहा वेळा पाठवा, आयआरएन तोच राहतो. पोर्टल दुसऱ्यांदा म्हणतं, हे आधीच नोंदलंय. म्हणजे शंका आली की बिनधास्त पुन्हा विचारावं. तुमच्या स्वतःच्या सेवांनाही हाच गुण द्या. 'साठ्यातून ५०० कमी कर' अशी आज्ञा दोनदा पोचली तर हजार कमी होतात. 'चलन क्रमांक ४८१ चे ५०० कमी कर' असं सांगा आणि ४८१ झालंय हे सेवेने लक्षात ठेवावं, मग शंभरदा सांगा. माझ्या अनुभवात सेवांमधल्या निम्म्याहून जास्त रडारडी या एका ओळीच्या शिस्तीने थांबतात.

दुसरा, मागे फिरणं. एका डेटाबेसमध्ये काम अर्धवट राहिलं तर सगळं मागे घेता येतं. तीन वेगळ्या सिस्टिम्समध्ये पसरलेलं काम तसं मागे घेता येत नाही, उलटी नोंद करावी लागते. हेही पोर्टलवर दिसतं: आयआरएन २४ तासांच्या आत रद्द करता येतो, पण तो बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले की क्रेडिट नोटच काढायची. संगणकशास्त्रात याला 'सागा' म्हणतात, गार्सिया-मोलिना आणि सेलम या संशोधकांनी १९८७ मध्ये मांडलेली कल्पना. तुमच्या अकाउंटंटला ती आधीपासून माहीत आहे, कारण तो खोडरबर वापरत नाही. म्हणून प्रत्येक सेवेच्या पाटीवर उलटी नोंद कशी करायची तेही लिहा, आणि ते अकाउंटंटलाच विचारून लिहा.

तिसरा धडा टॅलीचा. आयआरएन आला की बिल टॅलीत जायला हवं. टॅली नेटवर्कवरून (एचटीटीपीने) ठरलेल्या साच्यातला मजकूर (एक्सएमएल) घेते, सहसा पोर्ट ९००० या दारावर, म्हणजे तिला आधीपासून एक छोटा काउंटर आहे. पण पाटी बारकाईने वाचा: टॅली उघडी हवी आणि त्यात तुमची कंपनी लोड केलेली हवी. तुमचा अकाउंटंट जेवायला जाताना टॅली बंद करत असेल, तर काउंटर दुपारी बंद. पुन्हा १ ते ४! यावर उपाय म्हणजे बिल थेट टॅलीत न ढकलता रांगेत ठेवायचं. टॅली उघडली की रांग रिकामी होते, तोवर डिस्पॅचचं काही अडत नाही. ही रांग म्हणजे काही अगडबंब प्रॉडक्ट नव्हे. तुमच्या पसाऱ्याला एसक्यूएल डेटाबेसमधलं एक टेबल पुरतं: बिल क्रमांक, मजकूर, पाठवलं का, किती वेळा प्रयत्न झाला. व्हाउचर टाकण्याआधी त्या क्रमांकाचं आहे का ते विचारायचं, म्हणजे वरचा पहिला धडा इथेही लागू. आणि पोर्ट ९००० सगळ्या लॅनला उघडं ठेवू नका. ज्या मशीनवर हा प्रोग्रॅम चालतो तिथूनच पोचता यावं.

रांगेचं महत्त्व आकड्यात सांगायचं तर असं: एका कामासाठी पाच सेवा एकीमागून एक चालू असाव्या लागत असतील आणि प्रत्येक ९९ टक्के वेळ चालू असेल, तर पाचही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे वर्षातले अठरा दिवस काम अडलेलं. एकाच फॉक्सप्रोवर चालणारा माणूस म्हणेल, आमचं जुनंच बरं होतं, आणि त्याचं बरोबर असेल. जिथे उत्तर लगेच हवं तिथेच थेट विचारा. बाकी सगळं रांगेत.

फॉक्सप्रोबद्दल. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये थांबवला, हे सल्लागाराचं म्हणणं खरं आहे. पण सपोर्ट थांबला म्हणजे प्रोग्रॅम थांबला असं नाही. त्यात तुमचे वीस वर्षांचे नियम आहेत, आणि त्यातले कित्येक कुठेच लिहिलेले नाहीत. एकदम फेकलंत तर कुठला नियम हरवला ते गिऱ्हाइकाच्या डेबिट नोटवरून कळेल. त्यापेक्षा त्याला वेष्टण घाला. एक छोटा प्रोग्रॅम, जो एकटाच डीबीएफ उघडेल, बाकी सगळे त्याला विचारतील. दोन गोष्टी सांभाळा. फॉक्सप्रोचा ओएलई डीबी प्रोव्हायडर (बाहेरच्या प्रोग्रॅमला डीबीएफ वाचू देणारा जोड) फक्त ३२ बिटचा आहे, त्यामुळे वेष्टण-प्रोग्रॅमही ३२ बिटमध्येच चालवावा लागतो. ६४ बिटमध्ये 'प्रोव्हायडर सापडत नाही' एवढंच म्हणतो आणि दोन दिवस खातो. दुसरं, डीबीएफ फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. तुमची डिस्पॅचची फाइल किती झालीय ते आजच बघा.

वेष्टण झालं की क्वालिटीची ओडीबीसी आणि ईआरपीवाल्याची रात्रीची स्क्रिप्ट त्या काउंटरवर आणा, आणि मग शेअर्ड फोल्डरची परवानगी काढून घ्या. हे शेवटचं पाऊल लोक टाळतात, 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून. टाळलंत तर काउंटर नावापुरता राहतो. परवानगी काढल्यावर दोन-तीन दिवसांत अशा एकदोघांचे फोन येतील ज्यांची नावं तुमच्या यादीत नव्हती. ते वाचन कुठून होत होतं ते तेव्हाच कळतं.

पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतीत पिंपळ उगवलेला पाहिला असेल. भिंत कधी पडते ते कळतही नाही, कारण तोवर मुळांनीच ती धरून ठेवलेली असते. मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअर-लेखकाने २००४ मध्ये जुनी सिस्टिम बदलायच्या अशा रीतीला असंच झाडाचं नाव दिलं, त्यांनी ऑस्ट्रेलियातलं फायकस जातीचं (पिंपळाच्याच कुळातलं) झाड पाहिलं होतं. काउंटरमागचं एकेक काम फॉक्सप्रोतून नव्या प्रोग्रॅममध्ये हलवा. पुढे उभ्या गिऱ्हाइकाला फरक कळता कामा नये. आधी जॉबवर्क हलवा, सगळ्यात शेवटी डिस्पॅच. मला यात घाई पसंत नाही.

पाटी बदलायचा नियम एकच: ओळ वाढवली तर चालेल, असलेल्या ओळीचा अर्थ बदलायचा नाही. 'वजन' किलोत देत होतात ते उद्यापासून ग्रॅममध्ये द्यायचं असेल तर 'वजन ग्रॅम' नावाची नवी ओळ टाका, जुनी वर्षभर राहू द्या.

सेवा किती कराव्यात? तुमच्या आयटीत दोन माणसं आहेत. दोन माणसं रात्री-अपरात्री जितक्या सांभाळू शकतील तितक्याच, म्हणजे पाच-सहा. पन्नास मायक्रोसर्व्हिसेसची आकृती कुणी आणली तर तिला सांभाळणारी माणसं कुठून येणार ते विचारा. आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक सेवेच्या लॉगमध्ये (काय केव्हा घडलं याची वही) बिल किंवा चलन क्रमांक टाका, म्हणजे एका क्रमांकावर सगळा प्रवास शोधता येतो. सगळ्या मशीनची घड्याळंही एक करा. एका कारखान्यात सर्व्हर आणि डिस्पॅचचा पीसी यांच्या वेळेत सात मिनिटांचा फरक होता. आधी आयआरएन आला आणि मग बिल झालं, असं लॉग सांगत होता. आख्खा दिवस आम्ही त्या भुताच्या मागे घालवला.

बस कधीच नको असं मी म्हणत नाही. उद्या गिऱ्हाइकं दोनाची सात झाली, प्रत्येकाची शेड्यूलची आणि एएसएनची (माल निघाल्याची आगाऊ सूचना) फाइल वेगळ्या साच्यात येऊ लागली, तर साचे बदलून देणारं मधलं काहीतरी लागेल. तेव्हा घ्या. तेव्हाही तिच्यात फक्त साचे बदलायचं काम ठेवा, धंद्याचा एकही नियम नको.

सल्लागाराला इतकंच विचारा: फक्त ई-इन्व्हॉइसची सेवा, रांगेसह, टॅलीपर्यंत, किती दिवसांत आणि किती पैशांत? त्याने वेगळा आकडा दिला तर त्याच्याशी बोलणं चालू ठेवा. 'आधी बस बसवल्याशिवाय जमणार नाही' म्हणाला तर दुसरा बघा.

तुमच्याकडे गुरुवारी वीज बंद म्हणून साप्ताहिक सुट्टी असेल, तर बुधवारी संध्याकाळी डिस्पॅच, अकाउंट्स आणि स्टोअर्स यांना तासभर बसवा आणि पहिल्या सेवेची पाटी मराठीत, एका कागदावर लिहून काढा. डिस्पॅचच्या त्या मुलालाही बोलवा. पोर्टल कुठली बिलं परत पाठवतं आणि का, याची यादी त्याच्याकडेच असणार, बहुतेक वहीच्या मागच्या पानावर.